दोघींच्या वैरात विषाचं मडकं कोण वाहून नेतं?

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका नोकरी सांभाळून कादंबरी लिहितात. काळ सोळाव्या शतकाच्या अखेरचा, जागा स्कॉटलंडच्या उत्तरेकडची एक गढी. घराण्याचा प्रमुख थकलेला. त्याची दुसरी बायको आणि पहिलीच्या मुलाची बायको, म्हणजे सावत्र सासू आणि सून, दोघी जादूटोणा जाणणाऱ्या आणि एकमेकींच्या जिवावर उठलेल्या. निम्म्याहून अधिक लिहून झालं आणि तीन अडचणी एकदम उभ्या राहिल्या. वाचनगटातली एक मैत्रीण म्हणाली, ही सासू-सुनेची मालिकाच झाली आहे, फक्त कपडे वेगळे. एका स्नेह्यांनी विचारलं की आजही बायकांना चेटकीण ठरवून मारहाण होते, मग चेटकिणी खऱ्या मानणारी गोष्ट मराठीत का लिहायची? तिसरी अडचण घरातली. कादंबरीतली सासू कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावते आणि रागावली की वाक्य अर्धवट सोडून खोलीतून निघून जाते. मोठ्या जाऊबाईंनी हस्तलिखित वाचलं, ‘ती म्हातारी मीच ना?’ एवढंच विचारलं आणि वही परत केली. तेव्हापासून लिखाण बंद आहे. पत्रलेखिका विचारतात: जादू खरी दाखवू की खोटी? दोघींपैकी वाईट कोणाला ठरवू? की हे बाड बासनात बांधून ठेवू? सोबत त्यांनी तीन प्रकरणं वाचायला पाठवली आहेत.

बाड बासनात बांधू नका, हे आधी सांगून टाकते. तुमच्या अडचणी तीन दिसत असल्या तरी त्यांची गाठ एकच आहे, आणि ती ‘दोघींपैकी वाईट कोणाला ठरवू?’ या प्रश्नात आहे. गोष्ट दोघींचीच आहे, हे तुम्ही तिथे धरूनच चालला आहात. तुमची गढी मोठी आहे. तिच्यात दिवाणखाना आहे, तबेला आहे, मुदपाकखाना आहे. पण दार उघडायला, चुलीत लाकडं सारायला, निरोप पोचवायला जी माणसं येतात त्यांना तुम्ही नावंसुद्धा दिलेली नाहीत. दुसऱ्या प्रकरणात एक ‘मुलगी’ येते. सासू तिच्याकरवी सुनेच्या उशीखाली मेणाची बाहुली ठेववते आणि पुढच्या पानावर ती मुलगी नाहीशी होते. पुढचं प्रकरण वाचतानाही माझं मन त्या मुलीपाशीच अडकून राहिलं. तिचं पुढे काय झालं?

हे विचारण्याला कारण आहे. तुम्ही निवडलेल्या काळात, तुम्ही निवडलेल्याच भागात असं एक घर खरोखर होतं. फाउलिसचे मन्रो. त्या घरातल्या दोघांवर 22 जुलै 1590 या एकाच दिवशी एडिनबर्गमध्ये जादूटोण्याचे दोन वेगवेगळे खटले चालले. एक घराच्या मालकिणीवर, कॅथरीन रॉसवर. दुसरा तिच्या सावत्र मुलावर, हेक्टरवर. गंमत म्हणून नव्हे, नीट लक्षात राहावं म्हणून सांगते, की सावत्र आईविरुद्ध फिर्यादी म्हणून उभा असलेला हेक्टर त्याच दिवशी स्वतः आरोपी म्हणून उभा राहिला. दोन्ही आरोपपत्रं एकोणिसाव्या शतकातच छापली गेली आहेत. तुम्ही ती मिळवाच. भाषा जुनी स्कॉट्स आहे, पण मोठ्याने वाचलं की अर्थ उलगडत जातो.

कॅथरीनवरचा आरोप असा: तिला दोन माणसं वाटेतून दूर करायची होती. नवऱ्याच्या पहिल्या बायकोचा थोरला मुलगा रॉबर्ट, जो गादीचा वारस होता, आणि स्वतःची भावजय. म्हणजे विधुर झालेल्या भावाचं लग्न रॉबर्टच्या विधवेशी लावता येईल. हे सगळं 1576-77 च्या सुमाराचं. आधी मातीच्या आणि लोण्याच्या प्रतिमा झाल्या. त्यांच्यावर परीबाणांनी नेम धरले गेले. परीबाण म्हणजे शेतात सापडणारी अश्मयुगीन गारगोटीची बाणाग्रं. ती परींची हत्यारं आहेत असं तिथे मानत. काही नेम चुकले, काही प्रतिमा फुटल्या आणि पुन्हा कराव्या लागल्या. मग विषाकडे मोर्चा वळला. रात्रीच्या वेळी एका दाईच्या हाती विषाचं मडकं पाठवलं. वाटेत ती पडली, मडकं फुटलं. तिने त्यातलं थोडं चाखून पाहिलं आणि त्यातच ती गेली. आरोपपत्र पुढे सांगतं की मडकं फुटलं त्या जागी गवत भलतंच उंच वाढलं, पण गुरंमेंढरं त्याला तोंड लावीनात.

इथे जरा थांबा. ती दाई अंधारात चालते आहे, हातात मडकं आहे, आत काय आहे ते तिला बहुधा ठाऊक नाही. पडल्यावर तिला पहिली भीती कशाची वाटली असेल? मालकिणीचा माल सांडला, याचीच. आणि तिने चाखलं का? आरोपपत्र कारण देत नाही. कुतूहल, भूक, की ‘यात एवढं जपून न्यायचं काय आहे’ हा संशय? कादंबरीकाराला यापेक्षा मोठी जागा कोण देणार? आणि तुमच्या हस्तलिखितात नेमकी हीच जागा रिकामी आहे.

शेवट काय झाला तेही पाहा. 1577 च्या नोव्हेंबरात कॅथरीनला मदत केल्याच्या आरोपावरून काही जणांना धरलं आणि चॅनन्री इथे जाळलं. कॅथरीन मात्र घोड्यावर बसून कॅथनेसला आपल्या नातलगाकडे निघून गेली. पाऊण वर्ष तिथे राहिली. मग कॅथनेसच्या अर्लने रदबदली केली आणि नवऱ्याने तिला परत घरात घेतलं. तेरा वर्षांनी खटला उभा राहिला तेव्हा ज्युरीत बसलेले बरेचसे लोक त्याच परिसरातले, मन्रो आणि रॉस घराण्यांशी बांधलेले होते. ती निर्दोष सुटली. हेक्टरही सुटला.

स्कॉटलंडचा 1563 चा जादूटोणा कायदा जादू करणाऱ्याला जेवढा लागू होता तेवढाच जादूगाराकडे सल्ल्याला जाणाऱ्यालाही. शिक्षा दोघांना एकच, मृत्यू. कागदावर असं होतं, आणि व्यवहारात करून घेणारी घरी परतली आणि करून देणारे जळाले. तुमची कादंबरी या फटीत उभी करा. दोघींपैकी वाईट कोण, हा प्रश्न मग आपोआप मागे पडेल, कारण वाचकाच्या मनात त्याहून जास्त बोचणारा प्रश्न आलेला असेल.

हे एकाच घराचं नाही. इंग्लंडमध्ये 1441 साली ग्लॉस्टरची डचेस एलिनॉर कोबॅम हिच्यावर राजाच्या मृत्यूचं भाकीत काढवून घेतल्याचा आणि त्याच्या जिवावर जादू केल्याचा आरोप आला. राजा सहावा हेन्री हा तिच्या नवऱ्याचा पुतण्या, आणि तो निपुत्रिक मेला असता तर गादी तिच्या नवऱ्याकडे आली असती. एलिनॉरने मार्जरी जर्डमेन नावाच्या बाईकडून औषधं घेतल्याचं कबूल केलं, पण ती मूल व्हावं म्हणून, असं ती म्हणाली. मार्जरीला स्मिथफील्डमध्ये जाळलं. भाकीत काढणाऱ्या रॉजर बोलिंगब्रोकला फाशी देऊन त्याच्या देहाचे तुकडे केले. एलिनॉरला हातात मेणबत्ती घेऊन लंडनच्या रस्त्यांतून प्रायश्चित्त म्हणून चालवलं, तिचं लग्न मोडलं आणि जन्मभर कैदेत ठेवलं. तिचं दुःख लहान होतं असं मी म्हणत नाही. अकरा वर्षं बंदिवासात काढून ती तिथेच वारली. पण मार्जरीच्या घरी कोण होतं, तिला पैसे किती मिळाले होते, राजवाड्यातलं बोलावणं आलं तेव्हा ती नाही म्हणू शकली असती का, हे कुणी लिहून ठेवलं नाही. जे कुणी लिहून ठेवलं नाही तेच कादंबरीचं काम असतं.

आता तुमच्या मैत्रिणीच्या शेऱ्याकडे वळू. तो तुम्हाला लागला आहे, ते पत्रातून दिसतं. पण ती चुकीचं बोललेली नाही, फक्त तिने रोगाचं लक्षण सांगितलं, कारण सांगितलं नाही. सासू-सुनेचं भांडण लिहिलं म्हणून काही मालिका होत नाही. भांडणाला जमीन नसली की मालिका होते. तुमच्या दोघी एकमेकींचा द्वेष करतात, पण का? पाठवलेल्या प्रकरणांत मला स्वभावाखेरीज कारण सापडलं नाही. एक गर्विष्ठ, दुसरी मत्सरी. एवढ्यावर कुणी कुणाला विष घालत नाही.

त्या काळच्या स्कॉटलंडमध्ये विधवेला नवऱ्याच्या जमिनीच्या एक तृतीयांशाचं उत्पन्न हयातभर मिळण्याचा हक्क होता. आता तुमची गढी डोळ्यांसमोर आणा. म्हातारा आज ना उद्या जाणार. दुसरी बायको तरुण असेल तर ती आणखी तीस वर्षं जगेल, आणि तीस वर्षं वारसाच्या हाती दोन तृतीयांशच उत्पन्न राहील. सुनेला घर चालवायचंय, मुलींची लग्नं करायचीत. सासूला ठाऊक आहे की म्हाताऱ्याने डोळे मिटले की या घरात तिच्या बाजूने बोलणारा एकही माणूस उरणार नाही. तिच्या पोटच्या मुलाला गादी मिळणार नाही, जोवर पहिलीची मुलं जिवंत आहेत. आता कमरेच्या किल्ल्यांना अर्थ येतो. ती त्या मिरवत नाही. त्या सोडल्या की आपण या घरात कोण, हे तिला माहीत नाही.

हेन्री पाचव्याची सावत्र आई, नव्हारची जोन, हिचं प्रकरण याच अंगाने वाचा. 1419 साली तिच्याच धर्मगुरूच्या सांगण्यावरून तिच्यावर राजाच्या जिवावर जादू केल्याचा आरोप आला. तिचं भलंमोठं विधवावेतन, जमिनी, सगळं जप्त झालं. राजाला तेव्हा फ्रान्समधल्या लढाईसाठी पैसा हवा होता. तिला नजरकैदेत ठेवलं, पण खटला कधीच चालवला नाही. 1422 मध्ये मरणाच्या काही आठवडे आधी हेन्रीने तिची मालमत्ता परत करायला सांगितलं. तीन वर्षं तिचं उत्पन्न वापरून झालं होतं. जादूचा आरोप आला की आधी पाहायचं, या बाईच्या नावावर काय आहे. ही सवय तुमच्या लिखाणाला फार उपयोगी पडेल.

आणखी एक गोष्ट तुम्ही धरून चालला आहात, की जादूने लढणाऱ्या दोघी बायकाच असणार. फाउलिसच्या घरात तसं नव्हतं. हेक्टरवरचा आरोप वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. तो आजारी पडला. मॅरियन मॅकइंगारुख नावाची बाई बोलावली. तिने सांगितलं, तुझ्या रक्ताचा जवळचा माणूस तुझ्या जागी मेला तरच तू वाचशील. माणूस ठरला जॉर्ज, कॅथरीनचा पोटचा मुलगा, हेक्टरचा सावत्र भाऊ. त्याला भेटीला बोलावून घेतलं. हेक्टरने डाव्या हाताने जॉर्जचा उजवा हात धरायचा आणि जॉर्ज बोलेपर्यंत आपण तोंड उघडायचं नाही, अशी अट होती. नंतर कडाक्याच्या थंडीत मध्यरात्री हेक्टरला घोंगड्यांत गुंडाळून बाहेर नेलं, दोन वेगळ्या मालकांच्या जमिनींच्या सीमेवर खणलेल्या खड्ड्यात झोपवलं, वर हिरवळीचे थर टाकले. त्याची दूधआई एका मुलाचा हात धरून नऊ वाफ्यांची रुंदी धावत गेली, परत येऊन मॅरियनला तिने विचारलं, तुझी निवड कोण? मॅरियन म्हणाली, हेक्टर जगेल, जॉर्ज त्याच्यासाठी मरेल. हे तीनदा झालं. हेक्टर बरा झाला. जॉर्ज वर्षभराहून अधिक काळाने आजारी पडला आणि 1590 च्या उन्हाळ्यात गेला.

आता सांगा, ही सासू-सुनेची गोष्ट आहे का? एका बाजूला आई, जिच्यावर सावत्र मुलाला मारण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप. दुसऱ्या बाजूला सावत्र मुलगा, ज्याच्यावर तिच्या मुलाला मारल्याचा. मधे तो जॉर्ज, जो भावाची विचारपूस करायला आला आणि विचारात पडला की हा माझा हात धरून बसलाय, पण बोलत का नाही. तुमच्या कादंबरीत सुनेचा नवरा शिकारीला जातो आणि परत येतो, एवढंच करतो. त्याला घरात आणा. सावत्र आईविरुद्ध कुजबुज तो सुरू करतो का, ते पाहा. स्कॉटलंडमध्ये 1563 ते 1736 या काळात जादूटोण्याचे आरोप झालेल्या 3,837 माणसांची नोंद संशोधकांनी काढली आहे. त्यांत सुमारे 84 टक्के बायका होत्या. म्हणजे पुरुषही थोडेथोडके नव्हते, आणि आरोप करणारे, पकडणारे, न्याय देणारे बहुतेक पुरुषच होते.

जादू खरी दाखवू की खोटी, असं तुम्ही विचारलंत. माझं मत स्पष्ट आहे: तुम्ही निकाल देऊ नका, पात्रांना देऊ द्या. 1590 मध्ये त्या कोर्टात बसलेल्यांना हा प्रश्नच पडला नव्हता. मातीची प्रतिमा आणि उंदीर मारायचं विष ही त्यांच्या लेखी एकाच कामाची दोन साधनं होती. एक चाललं नाही की दुसरं. हे तुम्ही तसंच लिहिलंत, कुठेही लेखिका म्हणून डोळा न मिचकावता, तर वाचक त्या घरात शिरेल. मात्र एक पथ्य पाळा. जादूमुळे झाली असं पात्रांना वाटणारी प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कारणानेही होऊ शकली असती, एवढी जागा ठेवा. हेक्टर बरा झाला, कारण ताप उतरतो. जॉर्ज गेला, कारण त्या काळी तरुण माणसं जात. पण जॉर्जच्या आईला असं कोण समजावणार? तिला तर हात धरून गप्प बसलेला हेक्टरच आठवणार. तुमच्या तिसऱ्या प्रकरणात सुनेने फुंकर घातली आणि बंद खोलीतल्या सगळ्या मेणबत्त्या एकदम विझल्या, तो प्रसंग काढून टाका. तो डोळ्यांना दिसायला छान आहे, पण तिथे तुम्ही वाचकाच्या हातून शंका काढून घेता, आणि शंका गेली की भीतीही जाते.

तुमच्या स्नेह्यांचा आक्षेप मी हलक्यात घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं ज्या कायद्यासाठी झगडा केला, तो त्यांच्या खुनानंतर 2013 मध्ये आला. एखादी व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते असं जाहीर करून तिच्याविषयी संशय पसरवणं, तिचं जगणं कठीण करणं, हा त्या कायद्याने गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद होऊ शकते. म्हणजे आपल्याकडेही खरं संकट जादू नाही, बोट दाखवणं हे आहे. कादंबरीत चेटकीण असणं आणि कुणाला चेटकीण ठरवायला मदत करणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर राखणं तुमच्या हातात आहे.

कसं राखाल? आरोप कसा जुळवला जातो ते पायरीपायरीने दाखवून. इंग्लंडमध्ये 1469-70 साली राणी एलिझाबेथ वुडविलच्या आईवर, जॅकेटावर असाच आरोप झाला. पुरावा म्हणून बोटाएवढी शिशाची एक आकृती पुढे आणली, सैनिकाची, मधोमध मोडलेली आणि तारेने बांधलेली. ही आकृती कुठून आली, कुणी पहिल्यांदा पाहिली, कुणाच्या हातातून कुणाच्या हाती गेली, यावर साक्षी झाल्या, आणि एक साक्षीदार ऐनवेळी फिरला. जॅकेटा सुटली, कारण राजा तिचा जावई होता आणि तोवर राज्याची सूत्रं पुन्हा त्याच्या हाती आली होती. राजा मेल्यावर, तीही वारल्यावर, 1484 मध्ये तोच आरोप पुन्हा उकरून काढला गेला, आता तिच्या मुलीचं लग्न बेकायदा ठरवण्यासाठी. तुमच्या उशीखालच्या मेणाच्या बाहुलीचा असा प्रवास लिहा. ती खरंच सासूने ठेववली, की कुणी आधी ‘सापडवली’ आणि मग सासूचं नाव घेतलं? ती मुलगी, जिला मी शोधते आहे, तिला जाब विचारताना कुणी कसं धमकावलं? ते स्नेही हे प्रकरण वाचतील तेव्हा त्यांना कळेल की तुम्ही त्यांच्याच बाजूच्या आहात.

तुमच्यासारखे आणखी काही जण मला पत्रं लिहितात. कुणी सरदार घराण्यावर, कुणी संस्थानावर, कुणी आपल्याच पणजीवर लिहितं. सगळ्यांना एक काम सांगते, ते तुम्हीही करा. कादंबरी बाजूला ठेवून घरातल्या प्रत्येक माणसासाठी एक पान लिहा: मालक मेला तर याचं काय होईल? स्वयंपाकीण, घोडे राखणारा, दाई, धर्मगुरू, सगळे. ज्याच्या पानावर ‘काहीच फरक पडणार नाही’ असं येईल ते पात्र काढून टाका किंवा त्याला काही गमावण्यासारखं द्या. वैर कुठे आहे ते या पानांतून दिसतं. ते बहुतेक वेळा आपण ज्या दोघांत कल्पिलं होतं त्या दोघांत नसतं.

उरल्या जाऊबाई. हे सगळ्यात नाजूक, आणि खरं तर तुमचं लिखाण इथेच थांबलंय, असं मला वाटतं. बाकीचे दोन्ही आक्षेप आले तेव्हाही तुम्ही लिहीतच होतात. वही परत आली त्या दिवशी हात थांबला.

‘ती तुम्ही नाही’ असं सांगून वेळ मारून नेऊ नका. किल्ले आणि मन्रो कितीही दूरचे असले तरी अर्ध्यावर सोडलेलं वाक्य तुम्ही त्यांच्याकडून घेतलंय, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि त्यांनाही. त्यांना दुखलं ते या लकबीमुळे असेल असंही नाही. त्या बाईच्या बाजूने पुस्तकात एकही शब्द नाही, हे त्यांना दुखलं असेल. मी तीन प्रकरणं वाचली. सून एकटी असताना काय विचार करते ते मला कळलं. सासू एकटी असताना काय विचार करते ते एकदाही कळलं नाही. जाऊबाईंनी बहुधा हेच वाचलं: इतकी वर्षं एका घरात राहून हिने मला बाहेरूनच पाहिलं.

त्यांच्याकडे जा, वही न घेता. सांगा की वाक्य तोडून निघून जाण्याची लकब मी तुमची घेतली, विचारायला हवं होतं, विचारलं नाही. एवढं बोलून थांबा, सफाई देऊ नका. मग शक्य असेल तर विचारा, की तशा वेळी खोलीतून निघून त्या जातात कुठे आणि पुढचं न बोललेलं वाक्य काय असतं. त्या सांगतील किंवा सांगणार नाहीत. सांगितलं तर ते तुमचं आहे असं समजून थेट कागदावर उतरवू नका. पण तुमच्या म्हातारीला दारापलीकडे सोडून देण्याऐवजी तिच्यामागे दोन पावलं जाण्याची वाट त्यातून सापडेल. सावत्र मुलांच्या घरात दुसरी म्हणून आलेली बाई, किल्ल्या धरून ठेवणारी, भांडण अर्ध्यावर टाकून निघून जाते. तिला ठाऊक असतं की वाक्य पुरं केलं तर या घरात ते तिच्याविरुद्ध साक्ष म्हणून वापरलं जाईल. हे नुसतं मी सुचवतेय, तुम्हाला दुसरं कारण सापडेल.

लकब ठेवायची की बदलायची, याचं माझं उत्तर: किल्ल्या ठेवा, कारण त्या कथेच्या पोटातून आल्यात. अर्धवट वाक्य जाऊबाईंनी नको म्हटलं तर काढा. एका लकबीवाचून कादंबरी अडत नाही, आणि ज्या माणसाबरोबर तुम्हाला रोज राहायचंय त्याच्या मनात तुमच्या पुस्तकाबद्दल अढी राहिली तर तुम्ही पुढचं पान मोकळेपणाने लिहू शकणार नाही. पण म्हातारीला गोड करून टाकू नका. चांगुलपणाचा मुलामा दिलेला त्यांना अधिकच लागेल. तिला विष पाठवू द्या. फक्त ते पाठवताना तिचे हात कसे होते, मडकं दुसरीच्या हाती देताना ती काय म्हणाली, काय म्हणाली नाही, ते आम्हाला दिसू द्या.

लिखाण पुन्हा सुरू कराल ते पहिल्या प्रकरणापासून नको, आणि जिथे थांबला होतात तिथूनही नको. त्या मुलीपासून करा. तिला नाव द्या, वय द्या, तिची आई याच गढीत कामाला होती का ते ठरवा. बाहुली उशीखाली ठेवून ती बाहेर पडली, पुढचे दोन दिवस लिहा. हे प्रकरण सासू आणि सुनेच्या मधे बसेल, आणि त्यानंतरची तुमची प्रकरणं बरीच बदलावी लागतील. लागू देत. झालं की ते आधी वाचनगटातल्या मैत्रिणीला दाखवा, मग स्नेह्यांना. जाऊबाईंना पुन्हा वाचायला द्यायचं की नाही, ते त्यांना विचारून ठरवा. नको म्हणाल्या तर आग्रह करू नका.